सार्वजनिक ठिकाणच्या भेटी : पुरुषांची सुरक्षितता व लैंगिक आरोग्य

उद्यान, समुद्रकिनारा, बसस्थानकाचा परिसर किंवा सार्वजनिक स्वच्छतागृह अशा ठिकाणी पुरुषाने नजरेच्या खुणेने अनोळखी पुरुषाशी ओळख काढून लैंगिक सहवास शोधणे, यास ‘क्रूझिंग’ असे म्हणतात. घरात एकांत नसणे, विवाहाचे बंधन, लोकलज्जा अशी कारणे त्यामागे असतात. या मार्गाची नैतिक चर्चा येथे अभिप्रेत नाही. त्यातील धोके आणि त्यांवरील उपाय यांची ही नोंद आहे. बहुतेक धोक्यांचे मूळ एकच असते : उघडे पडण्याची भीती.

गोव्याचा पूर्वानुभव

ही भीती निराधार नव्हती. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने केलेल्या रक्तदानातून त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे निष्पन्न झाले. तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला ६४ दिवस सक्तीने एकांतवासात ठेवण्यात आले. १९९२ साली त्याचे निधन झाले. आज स्थिती निराळी आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीवाचून चाचणी करता येत नाही. बाधिताची ओळख उघड करण्यावर कडक बंधने आहेत आणि त्याला वेगळे काढणे हा भेदभाव ठरतो.

कायद्याची मर्यादा

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान पुरुषांमधील परस्परसंमतीचा खासगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळला. सार्वजनिक ठिकाणच्या कृत्यास मात्र हे संरक्षण नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली अश्लील कृत्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. १८ वर्षांखालील व्यक्तीशी संबंध हा, तिची संमती असली तरी, गंभीर गुन्हा आहे.

लूट आणि खंडणी

गोड बोलून आडबाजूला नेणे, साथीदारांकरवी घेरणे, चित्रफीत काढून पैसे मागणे किंवा पोलीस असल्याची बतावणी करणे, या नेहमीच्या युक्त्या आहेत. म्हणून पहिली भेट वर्दळीच्या, उजेडाच्या जागी घ्यावी. कोठे जात आहोत हे एका विश्वासू मित्रास कळवावे. दागिने व बँकेची कार्डे घरी ठेवावीत, भ्रमणध्वनीला कुलूप असावे, मद्य टाळावे आणि अनोळखी माणसाने दिलेले पेय घेऊ नये. शस्त्राचा धाक असल्यास ऐवज देऊन निसटावे, प्राण प्रथम.

नंतरच्या धमक्यांना मात्र पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. संदेश, क्रमांक व व्यवहाराचे पुरावे जपावेत. खंडणी हा कलम ३०८ खालील गुन्हा आहे. स्वतःच्या गावी तक्रार देण्याचा संकोच वाटल्यास कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदविता येतो. तातडीसाठी ११२ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत.

रोगप्रतिबंध

निरोध आणि पाण्यावर आधारित वंगण दोन्ही सोबत ठेवावे. खोबरेल तेल वा व्हॅसलीनमुळे लॅटेक्सचा निरोध फाटतो. सिफिलिस निरोधाने न झाकलेल्या भागावरील व्रणांतूनही पसरतो, तर गनोरिया व क्लॅमिडिया घशात किंवा गुदाशयात लक्षणांविना राहतात. त्यामुळे केवळ लघवीची चाचणी पुरत नाही. संबंधाचा प्रकार डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. हिपॅटायटिस बी वर लस उपलब्ध आहे. वारंवार जोखीम असणाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी तपासणी करावी आणि एचआयव्ही टाळणाऱ्या ‘प्रेप’ गोळ्यांविषयी वैद्यकीय सल्ला घ्यावा. विवाहित पुरुषाची तपासणी त्याच्या पत्नीचेही रक्षण करते.

बहात्तर तास

निरोध फाटला किंवा बळजबरी झाली, तर ‘पेप’ ही औषधे शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. त्यासाठी शासकीय रुग्णालयाचा तातडीचा विभाग किंवा एआरटी केंद्र गाठावे. दुसऱ्याच दिवशीच्या चाचणीत लागण नसल्याचे दिसले तरी ते निर्णायक नसते. खात्रीसाठी तीन महिन्यांनंतर पुन्हा चाचणी करावी. शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य आणि गोपनीय असते. मार्गदर्शनासाठी १०९७ ही निःशुल्क सेवा आहे.

लागण निघालीच, तर नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतका घटतो आणि तसा तो टिकून राहिल्यास लैंगिक संबंधातून इतरांस संसर्ग होत नाही. लपविण्यासारखे खूप काही असू शकते. पण डॉक्टरांपासून लपविल्यास नुकसान आपलेच होते.