मातीचा श्वास कधी वाढतो?

पालापाचोळा, शेणखत आणि मेलेली मुळे कुजवताना मातीतील जिवाणू व बुरशी कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. जिवंत मुळेही तो सोडतात. या क्रियेला मृदा श्वसन म्हणतात.

तापमान: पुरेशी ओल असेल, तर माती 10 अंश सेल्सिअसने तापल्यावर श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो.

ओलावा: कोरड्या मातीत सूक्ष्मजीव सुस्तावतात. पाणी साचल्यास ऑक्सिजन कमी पडून श्वसन मंदावते. भातखाचरात तर मिथेन तयार होतो. वाफशावर, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असताना, श्वसन जोरात चालते.

पहिला पाऊस: उन्हाळाभर सुकलेली माती भिजताच काही तासांतच कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट बाहेर पडतो. केनियात 1950च्या दशकात याचा अभ्यास करणाऱ्या एच. एफ. बर्च यांच्यावरून याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात.

जगभरच्या मातीत वातावरणापेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. पृथ्वी तापली की मातीचा श्वास वाढतो आणि त्यातून तापमान आणखी वाढण्याचा धोका असतो. शेतातून जितका कार्बन जातो तितका खत आणि पिकांच्या अवशेषांतून परत आला नाही, तर सेंद्रिय कर्ब घटतो आणि जमिनीचा कस उतरतो.