किर्लोस्करवाडी

किर्लोस्करवाडी : सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील उद्योगवसाहत व पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक. स्थापना १९१०.

संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६). मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात आले. सायकलींच्या दुकानामागोमाग कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर तिथेच तयार झाले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. नांगराचा जम बसला, तोवर नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला लावली. अशा अडचणीत औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. संस्थानातील कुंडलजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगावर या राजाचे फार मोठे ऋण आहे.

जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, नागांचा सुळसुळाट असलेला माळ. पाण्याची सोय नव्हती. जवळ एक लहानसे रेल्वे स्थानक तेवढे होते, त्याचे नाव कुंडल रोड. लक्ष्मणरावांनी आपली माणसे आणून निवडुंग तोडला, शेड उभारली आणि कारखान्याच्या आधाराने घरे वसवली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीची राखण सोपवली. वसाहतीच्या इतिहासातली ही गोष्ट नांगराइतकीच मोलाची आहे.

वसाहतीला संस्थापकाच्या आडनावावरून नाव मिळाले. पुढे स्थानकाचेही नाव तेच झाले. आडनाव मात्र मुळात गावाचेच. मालवण तालुक्यातील किर्लोस गावचे ते किर्लोस्कर. घराण्याची एक शाखा घाट ओलांडून बेळगावकडच्या गुर्लहोसूरला स्थायिक झाली. लक्ष्मणराव तिथलेच आणि संगीत नाटककार अण्णासाहेबही तिथलेच. कोकणातल्या एका खेड्याचे नाव असे कृष्णाकाठच्या माळावर पोचले. नावाला जोडलेली ‘वाडी’ ही देशावरच्या लहान वस्तीची नेहमीची खूण.

शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली इथूनच ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या या पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिकेही वाडीचीच. आडगावातून निघून घराघरांत वाचली गेलेली ही मासिके मराठी वाचकाला नवे विचार देत राहिली.

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि वाडी पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली. १९६० मध्ये या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आजही इथेच आहे.