सोन्याचा जोंधळा

परवा शेंगाचटणी कुटता कुटता मनात भलतंच आलं. पेरू देशातल्या एका राजाच्या गळ्यात म्हणे शेंगांची माळ होती!

१९८७ साली उत्तर पेरूत, सिपान इथं, वॉल्टर आल्वा यांनी मोचे लोकांच्या एका अधिपतीची कबर उकरली. साधारण सतराशे वर्षांपूर्वीची. त्याच्या अंगावर भुईमुगाच्या वीस शेंगांची माळ निघाली. उजवीकडच्या दहा सोन्याच्या, डावीकडच्या दहा चांदीच्या. पातळ पत्रा ठोकून घडवलेल्या, खऱ्या शेंगेहून मोठ्या. भुईमूग मूळचा त्याच खंडातला. शेंग सगळेच खायचे, पण ती सोन्याची करून मिरवायची कुणी, हे ठरलेलं. त्या लोकांत नाणी नव्हती. सोनं बाजारात चालत नसे. ते अंगावर असणं हाच अधिकार. म्हणूनच ते मालकाबरोबर मातीत गेलं.

आपल्याकडे तरी काय वेगळं? बोरमाळ म्हणजे बोरं. जोंधळी पोत म्हणजे ज्वारीचे दाणे, सोन्यात. आमच्या सोलापूरच्या मालदांडीच्या मुलखात भाकरी सगळ्यांच्या ताटात, जोंधळी पोत मात्र मोजक्याच गळ्यांत. माझ्या आजीच्या गळ्यात होती. ती घातली की ती 'मोठ्या घरची सून'.

मग १९७२ चा दुष्काळ आला. कणग्या रिकाम्या. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची, ती आमच्या वडिलांच्या घशाखाली उतरेना. आजोबांनी पोत मोडली आणि घरात दोन पोती ज्वारी आली. सोन्याचा जोंधळा देऊन खरा जोंधळा!

घर तगलं. पण गावात ज्याला त्याला कळलं, की यांच्या घरातलं सोनं मोडलं. आत्याच्या लग्नाच्या फोटोत आजीनं पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलाय. लहानपणी मला वाटायचं, थंडी असेल. लग्न मे महिन्यातलं होतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

पुढं विहिरीला पाणी लागलं, तेव्हा वडील म्हणाले, "आई, पोत करू या परत." ती म्हणाली, "जोंधळा कणगीत असू दे. गळ्यात कशाला?"

सिपानची माळ आज तिकडच्या संग्रहालयात आहे. आजीची पोत सोनाराच्या मुशीत वितळली. ती पोत घातलेला आजीचा एखादा फोटो कुणाकडे असेल तर जरूर कळवा. माझ्याकडे फक्त पदर लपेटलेलाच आहे.