मुक्या मातीचा माणूस

जर्मन मूकपटांच्या अभ्यासाला कुठून सुरुवात करावी, असे विचारणाऱ्याला मी एकच चित्रपट सुचवतो : पाउल वेगेनर आणि कार्ल बोझ यांचा १९२० सालचा ‘गोलेम’.

गोष्ट प्रागच्या ज्यू वस्तीतली. ज्यूंनी शहर सोडावे, असा बादशहाचा हुकूम निघतो आणि वस्ती वाचवण्यासाठी रब्बी लोव मातीच्या पुतळ्यात प्राण ओततो; हाच गोलेम. हा रब्बी खरोखर होऊन गेला. १६०९ मध्ये तो प्रागला वारला. गोलेमची दंतकथा त्याच्या नावाला चिकटली ती मात्र फार नंतर. तिची मुळे ताल्मुद या ज्यू धर्मग्रंथापर्यंत जातात. रावा नावाचा पंडित एक माणूस घडवून रब्बी झेराकडे पाठवतो. झेरा त्याच्याशी बोलतो, पण उत्तर येत नाही. तेवढ्यावरून झेरा काय ते ओळखतो आणि त्याला परत मातीत जायला सांगतो.

म्हणजे न बोलणे ही या मानवाकृतीची जुनी खूण. मूकपटात तर सगळेच मुके! मग गोलेमचे मुकेपण वेगळे कसे दिसावे? इतरांची वाक्ये पाट्यांवर उमटतात, हात-चेहरे सतत बोलत राहतात. गोलेम झालेला वेगेनर मात्र अख्खे अंग जड करून चालतो, मान वळवायलाही वेळ घेतो.

त्याच्याभोवतीची वस्ती वास्तुविशारद हान्स पोल्झिगने बर्लिनच्या टेम्पलहोफ भागात उभारली. त्याच वर्षीच्या ‘कॅलिगारी’त सावल्यासुद्धा रंगवलेल्या आहेत, इथे कार्ल फ्रॉइंडचा कॅमेरा खऱ्याखुऱ्या भिंतींवर पडणारा उजेड टिपतो. कललेली घरे अशी दिसतात, की गोलेमच्याच मातीतून कुणी ती हाताने थापली असावीत. बाहेरचे जग मनातल्या भावनेनुसार वाकवणारा अभिव्यक्तिवाद पुस्तकी व्याख्येआधी या भिंतींवर पाहावा.

एक सावधगिरी हवी. इथला ज्यू समाज जादूटोण्याच्या धुरातून दिसतो. बाहेरच्याचे ते कुतूहल आहे आणि त्यात पूर्वग्रहही मिसळला आहे. रब्बीच्या शिष्याची भूमिका करणाऱ्या ज्यू नट एर्न्स्ट डॉइचला १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. वेगेनर नाझी काळातही तिथेच काम करत राहिला. हे ठाऊक असले, की हुकुमाचा तो प्रसंग नुसती दंतकथा राहत नाही.

शेवटी एक चिमुरडी गोलेमला सफरचंद देते आणि सहज खेळता खेळता त्याला जिवंत ठेवणारा छातीवरचा तारा काढून घेते. पुढची प्रकरणे वाचण्याआधी तो प्रसंग दोनदा पाहा : एकदा मुलीच्या हाताकडे, एकदा त्याच्या चेहऱ्याकडे.