सरकारचा मोबाईल, संघटनेचा निरोप

कुंडलिकेवरचा पूल ओलांडून अष्टमीतून रोह्याला बैठकीला निघालेल्या सेविकाताईंच्या पिशवीत पूर्वी रजिस्टरं असायची. आता फोन असतो. या फोनवरून अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटना सरकारशी कशा भांडल्या, ते आज सांगते.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. काम भरपूर, पण पगार नाही, मानधन. त्यात एका गावात एक सेविका आणि एक मदतनीस. गिरणीला फाटक असतं, तिथे उभं राहून पत्रकं वाटता येतात. इथे बाया वाडीवस्तीवर विखुरलेल्या, मग संघटना बांधायची कशी? वाट सरकारनेच करून दिली होती: महिन्याची बैठक. मुख्यसेविका अहवाल गोळा करून उठली की त्याच सतरंजीवर वर्गणी, पावती, मोर्चाची तारीख. जी आली नाही तिला पोस्टकार्ड, नाहीतर शेजारच्या गावच्या ताईकडे चिठ्ठी.

मग फोन आला. ८ मार्च २०१८ ला पोषण अभियान सुरू झालं. ॲपवर नोंदी केल्या तर सेविकेला महिन्याला ५०० रुपये प्रोत्साहन भत्ता जाहीर झाला. वाईट काय त्यात? मुलांच्या वजनाच्या आणि आहाराच्या ढीगभर वह्या सुटणार होत्या. पण मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आलं, ते इंग्रजीत. सरकारने दिलेले फोन दोन जीबी रॅमचे, सारखे हँग व्हायचे, आणि दुरुस्तीचा खर्च पदरचा. वीस-वीस वर्षं मुलांची वजनं चोख मराठीत लिहिलेली बाई एका रात्रीत अडाणी ठरली. मला विचाराल तर पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. 'बायकांना मोबाईल चालवता येत नाही' असं बोलणारे तेव्हाही होते. पण संघटनांचं म्हणणं नीट ऐका: ॲप मराठीत द्या, चालणारा फोन द्या. गंमत म्हणजे सरकारी फोन परत करायचा हा निरोप कितीतरी जणींनी स्वतःच्या, घरच्या फोनवरच वाचला असेल! पुढे भाषेचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला.

४ डिसेंबर २०२३ ला मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांसाठी संप सुरू झाला. तो ५२ दिवस चालला. एवढा लांबलेला संप महिन्याच्या एका बैठकीवर टिकत नाही. रोज काय ठरलं ते त्याच दिवशी गावात पोचावं लागतं, आणि ते काम व्हॉट्सॲप करतं.

पण सतरंजीवर एक सोय होती. उठून विचारता यायचं, 'हे कुणी ठरवलं?' ग्रुपवर पुढे ढकललेला निरोप खरा की खोटा, हे विचारायचं कुणाला? शिवाय मदतनीस ताईंपैकी किती जणींकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे? घरात एकच फोन, तोही मुलाच्या खिशात. आपल्याकडच्या डोंगरातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर तर रेंजसाठी टेकाडावर चढायचं. तिथल्या ताईला बैठकीची तारीख अजून बाजाराच्या दिवशी, कुणाच्या तरी तोंडीच कळते.