अभ्यासिकेत बारा तास बसूनही लक्षात का राहत नाही?

पुण्यातील सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे हजारो विद्यार्थी राहतात. त्यातले बरेच जण सकाळी अभ्यासिकेत जातात ते रात्री उशिराच खोलीवर परततात. इतके तास बसूनही सराव चाचणीत काही आठवले नाही की ‘माझी बुद्धीच कमी आहे’ असे वाटू लागते. बहुतेक वेळा दोष बुद्धीचा नसून अभ्यासाच्या पद्धतीचा आणि अपुऱ्या झोपेचा असतो. या दोन्ही गोष्टी सुधारता येतात.

वाचलेले का विसरते?

तेच पान तिसऱ्यांदा वाचताना ते ओळखीचे वाटते आणि आपल्याला ते येते असा समज होतो. पण ओळखणे आणि पुस्तक मिटून आठवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, मात्र आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले होते.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. चार पर्यायांतून उत्तर ओळखण्याची सवय तिथे पुरत नाही. उत्तर स्वतः आठवून लिहावे लागते.

अभ्यासाच्या सवयी कशा बदलाव्यात?

• ४० ते ५० मिनिटे वाचा. मग पुस्तक मिटून मुख्य मुद्दे कोऱ्या कागदावर लिहा. जे आठवले नाही तेवढेच पुन्हा पाहा.
• उजळणी एकाच दिवशी उरकू नका. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करा.
• दिवसभर एकच विषय घेण्याऐवजी दोन-तीन विषय आलटून पालटून घ्या.
• मोबाइल टेबलावर उलटा ठेवणे पुरेसे नाही. तो बॅगेत किंवा लॉकरमध्ये ठेवा.
• किती तास बसलात याऐवजी न पाहता किती प्रश्न सोडवता आले, याची नोंद ठेवा.

झोप, चहा आणि जेवण

दिवसभर वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. त्यामुळे झोप कमी करून मिळवलेले तास बरेचसे वाया जातात. तरुणांना रोज साधारण ७ ते ९ तास झोप लागते. चहा-कॉफीतील कॅफिनचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ५ तास लागतात, म्हणून संध्याकाळनंतर ती टाळा. जागे राहण्यासाठीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका.

मेसचे जेवण चुकवू नका. डाळ, कडधान्य, पालेभाजी, दही किंवा अंडे रोजच्या आहारात असावे. सतत थकवा, डोकेदुखी किंवा लक्ष न लागणे यामागे रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा चष्म्याचा बदललेला नंबरही असू शकतो. साध्या तपासण्यांतून हे कळते.

घरच्यांनी काय करावे?

घरून पैसे येतात याचे ओझे अनेक मुलामुलींच्या मनावर असते, त्यामुळे फोनवर ते ‘सगळं ठीक आहे’ एवढेच सांगतात. ‘किती अभ्यास झाला?’ याआधी ‘जेवलास का? झोप झाली का?’ असे विचारा. दुसऱ्याच्या मुलाच्या निकालाशी तुलना करू नका. किती प्रयत्न करायचे आणि सोबत दुसरा कोणता मार्ग ठेवायचा, हे निकालाच्या दिवशी नव्हे, शांतपणे आधीच बोलून ठरवा.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

पुढील त्रास दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला तर तो आळस समजू नका:

• सतत उदास वाटणे, कशातच रस न उरणे
• झोप न लागणे किंवा फार जास्त झोपणे
• भूक किंवा वजनात मोठा बदल
• छातीत धडधड, पुस्तक उघडताच घाबरल्यासारखे होणे
• मित्रांना टाळणे, घरचे फोन न उचलणे

आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा. गरज वाटल्यास ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.

जगणे नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबू नका. लगेच कोणाला तरी सांगा, वरील क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. तातडीच्या मदतीसाठी ११२ किंवा १०८ लावा. खोलीतील मित्र असे काही बोलला तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच्या घरी कळवा.