ऑर्किड माश्यांच्या घरातील देखणे चोर

कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही. ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि पिलांच्या संगोपनाचा भार त्याच्यावर टाकते, हे आपल्या परिचयाचे आहे. कीटकसृष्टीतही अशा ‘कोकिळा’ आहेत. भारतात आढळणाऱ्या, अंगावर निळे ठिपके असलेल्या थायरियस मधमाश्या हे त्याचे एक उदाहरण. तथापि या परजीवी मधमाश्यांमधील सर्वांत देखण्या जाती मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधीय अरण्यांत राहतात. त्या ऑर्किड मधमाश्यांच्या कुळातील असून आपल्याच भाऊबंदांच्या घरट्यांवर जगतात.

ऑर्किड मधमाश्यांना शास्त्रीय परिभाषेत ‘युग्लोसिनी’ म्हणतात. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत त्यांचा वावर आहे. हिरवा, निळा, तांबूस असा धातूसारखा चकाकणारा रंग आणि कमालीची लांब जीभ ही त्यांची ओळख. या गटात पाच प्रजाती असून त्यांत एकूण सुमारे अडीचशे जातींचा समावेश होतो. युग्लोसा, युलीमा आणि युफ्रिसिया या तीन प्रजातींच्या माद्या स्वतः घरटी बांधतात. एक्झेरेटे आणि अग्लाए या उरलेल्या दोन प्रजाती मात्र पूर्णपणे परजीवी आहेत. एक्झेरेटेच्या जाती मोजक्या असून त्या बहुतांशी पाचूसारख्या हिरव्या असतात. अग्लाएची एकच जात ज्ञात आहे. ती मोठी, गडद निळी मधमाशी दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः अॅमेझॉनच्या खोऱ्यात आढळते.

मधमाशीच्या मागील पायांवर पराग वाहून नेण्यासाठी टोपलीसारखा भाग असतो. परजीवी जातींच्या माद्यांना ही परागटोपली नसते. जिला संततीसाठी अन्न गोळा करायचेच नाही, तिला टोपलीचे प्रयोजन काय? घर बांधणारी मादी चिखल, राळ, सालीचे तुकडे अशा वस्तूंपासून लहान कोठड्या तयार करते. प्रत्येक कोठडीत पराग आणि मधुरस यांचा साठा भरून त्यावर ती एक अंडे घालते व कोठडी बंद करते. या शिदोरीवरच अळी वाढते. एक्झेरेटेची मादी युलीमा किंवा युफ्रिसियाच्या घरट्यात शिरते, बंद कोठडीला भोक पाडून आत आपले अंडे घालते आणि भोक पुन्हा बुजवून टाकते. परजीवी अळीचे जबडे सुरुवातीच्या अवस्थेत लांब व अणकुचीदार असतात. त्यांच्या साहाय्याने ती मूळच्या वारसाला ठार करते आणि सारा साठा फस्त करते. कालांतराने त्या कोठडीतून बाहेर पडते ती घरमालकिणीची नव्हे, तर चोराची संतती. अग्लाएची मादीही याच रीतीने युलीमाच्या घरट्यांवर अवलंबून असते.

मग या माश्यांना निव्वळ उपद्रवी मानावे काय? त्यांच्या नरांकडे पाहिले, तर उत्तर इतके सोपे राहत नाही. ऑर्किड मधमाश्यांचे नर फुलांकडे जातात ते मधासाठीच नव्हे, तर सुगंधासाठीही. पुढच्या पायांवरील केसांच्या कुंचल्यांनी ते सुगंधी द्रव्य टिपतात आणि मागील पायांच्या फुगीर, पोकळ भागात साठवतात. मीलनकाळी हा सुगंध उपयोगी पडतो. फुलांना भेट देणारे हे कीटक नर असून ते अत्तर गोळा करतात, ही गोष्ट १९६० च्या दशकात स्टेफान फोगेल व कॅलवे डॉडसन यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाली. परजीवी जातींचे नरही अशीच अत्तरे गोळा करतात. त्या वेळी ऑर्किडच्या परागांचे पुंजके त्यांच्या अंगाला चिकटून एका फुलावरून दुसऱ्यावर जातात. स्टॅनहोपिया, गोंगोरा, कॅटासेटम यांसारखी अमेरिकेतील शेकडो ऑर्किडे परागीभवनासाठी अशा नरांवरच विसंबून आहेत. घरट्यात चोरी करणारे कूळ फुलांच्या दारी असे उपकारकर्तेही ठरते.

नरांच्या या सुगंधवेडाचा लाभ अभ्यासकांनाही झाला. निलगिरीच्या तेलातील सिनिओल, लवंगेतील युजेनॉल अशा द्रव्यांचा बोळा झाडाला टांगला, की नर धावून येतात. त्यामुळे एरवी दृष्टीस न पडणाऱ्या परजीवी जातींचीही नोंद घेता येते. ब्राझीलमधील मानाउसजवळ तोडीमुळे एकाकी पडलेल्या अरण्यखंडांत अशी आमिषे लावून केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. खंड जितका लहान, तितक्या तेथे येणाऱ्या माश्या कमी, असे त्यात आढळले. जंगलाचे तुकडे झाल्यावर सर्वच जातींवर सारखा परिणाम होतो असे नाही. काही जाती विरळ झाडीतही तग धरतात.

परजीवीचे भवितव्य यजमानाशी बांधलेले असते. युलीमा-युफ्रिसियाची घरटी पुरेशी असतील तरच एक्झेरेटे आणि अग्लाए यांचा वंश चालतो. यजमान घटले, तर परजीवीला दुसरा आधार उरत नाही. म्हणूनच एखाद्या प्रदेशातील मधमाश्यांचे आरोग्य जोखण्यासाठी परजीवी जातींची उपस्थिती हा उपयुक्त निर्देशक ठरू शकतो, असे अनेक कीटकशास्त्रज्ञ मानतात. यात माणसाचाही स्वार्थ आहे. बाजारात मिळणारे ब्राझील नट प्रामुख्याने नैसर्गिक अरण्यांतील वृक्षांपासून गोळा केले जातात आणि त्या वृक्षांच्या परागीभवनात युलीमा व युफ्रिसियाचा मोठा वाटा असतो. अॅमेझॉनच्या झाडीत एखादी हिरवी एक्झेरेटे दिसली, तर तिच्या आसपास लुटण्याजोगी भरलेली घरटी अजून शिल्लक आहेत, असे समजावे.